आई-बाबा सिडनीला येतायत: व्हिसापासून बोटीपर्यंतची तयारी

सिडनीत नव्याने बस्तान बसवलेल्या मराठी घरांत वर्षा-दीड वर्षात विषय निघतोच, की यंदा आई-बाबांना बोलवूया. मग ऑपेरा हाउस, बाँडाय, ब्लू माउंटन्स अशी यादी होते, दोन आठवड्यांची रजा टाकली जाते, यादी धावतपळत संपते आणि तिसऱ्या आठवड्यापासून ती दोघं दिवसभर सोफ्यावर बसून तुमची वाट पाहतात. म्हणून यादी शेवटी करा. आधी कोण येतंय, त्यांचे गुडघे कसे आहेत, किती महिने राहणार आणि तुम्ही ऑफिसात असताना त्यांचा दिवस कसा जाणार, हे ठरवा. बाकीचं त्यावरून ठरत जातं.

१. महिना ठरवा

इथले ऋतू उलटे, हे सगळ्यांना पाठ असतं. तरीही तिकीट काढताना "मुलांना सुट्टी आहे" म्हणून डिसेंबर-जानेवारीच निवडला जातो. तेव्हा इथे कडक उन्हाळा असतो, शाळांना मोठी सुट्टी असते, विमानाची तिकिटं वर्षातली सर्वांत महाग असतात आणि ३१ डिसेंबरच्या आतषबाजीसाठी बंदराच्या काठावर दुपारपासून जागा धरून बसावं लागतं. साठी-सत्तरीच्या माणसांना ते झेपेल का, हे प्रामाणिकपणे बघा. २५ डिसेंबरला तर जवळपास सगळी दुकानं बंद असतात.

जून ते ऑगस्ट थंडी. आकडे पाहिले तर घाबरण्यासारखं काही नाही, दिवसा १७-१८ अंश असतात. पण इथली बरीच घरं आतून गार पडतात आणि पश्चिमेच्या उपनगरांत, पॅरामॅटा, ब्लॅकटाउनकडे पहाटे चांगलीच हुडहुडी भरते. बाबांना संधिवात असेल तर हे महिने टाळा.

माझं मत विचाराल तर सप्टेंबरची अखेर ते नोव्हेंबर. घरचा गणपती करून निघता येतं, हवा प्रसन्न असते, ऑक्टोबर-नोव्हेंबरात गल्ल्या जॅकरंडाच्या जांभळ्या फुलांनी भरतात आणि दक्षिणेकडे परतणारे हंपबॅक व्हेल पिल्लांसह किनाऱ्याजवळून जातात. दिवाळी मात्र मग इथेच. ज्यांना ती घरीच हवी, त्यांच्यासाठी मार्च-एप्रिल बघा. तेव्हा समुद्राचं पाणीही अजून उबदार असतं.

घड्याळाचं एक लक्षात ठेवा. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी इथली घड्याळं एक तास पुढे जातात आणि एप्रिलच्या पहिल्या रविवारी मागे येतात. त्यामुळे भारताशी फरक कधी साडेचार तासांचा, कधी साडेपाच. आई पहाटे उठून मावशीला फोन लावणार असेल, तर तिकडे मध्यरात्र असते हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवा.

२. व्हिसा

भारतीय पासपोर्टवर सबक्लास ६०० म्हणजे व्हिजिटर व्हिसा लागतो. बाकी काही देशांच्या लोकांना ॲपवर चुटकीसरशी परवानगी मिळते, ती आपल्याला नाही. अर्ज इमिअकाउंट या सरकारी संकेतस्थळावर ऑनलाइन भरायचा. आई आणि बाबांचा अर्ज वेगवेगळा, फीही वेगवेगळी.

यात दोन मार्ग आहेत. टुरिस्ट स्ट्रीममध्ये अर्जदार स्वतःच्या बळावर अर्ज करतो, तुम्ही निमंत्रणपत्र जोडता. स्पॉन्सर्ड फॅमिली स्ट्रीममध्ये तुम्ही अधिकृत जामीनदार होता आणि सरकार तुमच्याकडून अनामत रक्कम मागू शकतं. दोघांची कागदपत्रं नीट असतील, पेन्शन किंवा ठेवी दाखवता येत असतील, तर आधी टुरिस्ट स्ट्रीमनेच प्रयत्न करा.

अर्ज वाचणाऱ्या अधिकाऱ्याच्या मनात मुख्य प्रश्न असतो, ही माणसं परत जातील ना? सगळी कागदपत्रं त्याचंच उत्तर देणारी हवीत. पेन्शनचे कागद, बँकेचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट, आयकर विवरण, घराचे कागद, तिकडे राहणाऱ्या दुसऱ्या मुलाची किंवा मुलीची माहिती, आधी परदेशी जाऊन वेळेत परतले असतील तर ते शिक्के. अर्जाच्या आदल्या आठवड्यात खात्यात अचानक पाच-दहा लाख जमा करू नका. पैसे कुठून आले हा प्रश्न त्यातून उगाच उभा राहतो. तुमच्या बाजूने निमंत्रणपत्र, व्हिसाची प्रत, पगाराच्या स्लिपा आणि राहत्या पत्त्याचा पुरावा जोडा. पत्रात भावना कमी, तारखा जास्त.

वय ७५ किंवा त्याहून जास्त असेल तर वैद्यकीय तपासणी करावी लागते. लांबच्या मुक्कामासाठी तरुणांनाही ती सांगितली जाऊ शकते. ती सरकारने नेमलेल्या डॉक्टरांकडेच होते आणि मोठ्या शहरांतच होते, म्हणून गावाकडून येणाऱ्यांनी हाताशी वेळ ठेवावा. व्हिसा ई-मेलवर येतो, पासपोर्टवर काही चिकटवत नाहीत. आला की तीन ओळी वाचा: एका वेळी किती दिवस राहता येईल, किती वेळा येता येईल, आणि ८५०३ ही अट आहे का. ही अट असेल तर इथे आल्यावर मुक्काम वाढवण्यासाठी दुसरा अर्ज सहसा करता येत नाही. तिकीट काढायचं ते हे सगळं वाचून झाल्यावर.

३. विमा आणि औषधं

भारताशी ऑस्ट्रेलियाचा आरोग्यसेवेचा करार नाही, त्यामुळे पाहुण्यांना मेडिकेअर, म्हणजे इथली सरकारी आरोग्य योजना, लागू होत नाही. रुग्णालयाचा एक दिवसही हजारांत जातो आणि न्यू साउथ वेल्समध्ये रुग्णवाहिकेचंही बिल येतं. विमा घ्याच. भारतातून प्रवास विमा मिळतो, इथल्या कंपन्यांचा पाहुण्यांसाठीचा आरोग्य विमाही मिळतो. किंमत बघण्याआधी "पूर्वीपासूनचे आजार" हे कलम वाचा. मधुमेह, रक्तदाब, बायपास हे सगळं त्यात कसं धरलंय, त्यावरच या विम्याची खरी किंमत ठरते.

औषधं तीन महिने पुरतील इतकीच आणता येतात, मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह. चिठ्ठीवर ब्रँडच्या नावाबरोबर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, कारण भारतातले ब्रँड इथल्या फार्मसीत कोणी ओळखत नाही. मुक्काम त्याहून लांबला तर इथल्या डॉक्टरकडून नवी चिठ्ठी घ्यावी लागते. चष्म्याची जास्तीची जोडी आणि दातांची कामं तिकडेच उरकून घ्या. इथे दंतवैद्याचं बिल पाहून दात जास्त दुखतो.

४. बॅग, पेढे आणि ते कार्ड

या पायरीवर जरा थांबूया, कारण बहुतेक घरांत ताण इथेच येतो.

विमानात प्रत्येक प्रवाशाला इन्कमिंग पॅसेंजर कार्ड भरायचं असतं. त्यात खाद्यपदार्थ, बिया, लाकडी वस्तू, प्राण्यांपासूनचे पदार्थ जवळ आहेत का, असे प्रश्न असतात. नियम साधा आहे: बॅगेत खाण्याचं काहीही असेल, अगदी खाकऱ्याचं एक पाकीट असेल, तरी "हो" वर खूण करायची. जाहीर केलेली वस्तू चालत नसेल तर ती काढून घेतात आणि विषय संपतो. न सांगता सापडली तर दंड होतो आणि प्रकरण गंभीर असेल तर विमानतळावरच व्हिसा रद्द होऊ शकतो. आपल्याकडची माणसं "नाही"वर खूण करतात ती फसवायला नाही, "उगाच कशाला चौकशी" म्हणून. फोनवर हे दोनदा बजावून सांगा.

काय आणू नये? पेढे, बर्फी आणि दुधाची कुठलीही मिठाई, ताजी फळं आणि भाज्या, कढीपत्ता, तुळशीचं रोप, विड्याची पानं, ताजी फुलं, मांस. पेटी उघडण्याआधीच हापूसचा वास येतो आणि विमानतळावर कुत्रेही असतात. मेतकूट, भाजणी, गोडा मसाला, चकल्या, पापड असल्या भाजलेल्या-तळलेल्या-दळलेल्या वस्तू जाहीर करून आणता येतात, अंतिम शब्द अधिकाऱ्याचा. मोड येऊ शकतील अशी आख्खी कडधान्यं मात्र मुळीच नकोत. मटकी इथे मिळते. खरं तर हॅरिस पार्क आणि वेंटवर्थव्हिल या उपनगरांतल्या भारतीय दुकानांत सगळंच मिळतं, त्यामुळे आईला घरचा मसाला सोडून बाकी काही आणू नकोस म्हणून सांगा. ती ऐकणार नाही, पण सांगा.

सगळं खाणं एकाच बॅगेत, सगळ्यांत वर ठेवायला लावा. प्रत्येक पुडीवर काय आहे ते इंग्रजीत लिहिलेलं असावं. "मेतकूट" असं लिहून अधिकाऱ्याला काही कळणार नाही. भाजलेल्या डाळींचं पीठ असं इंग्रजीत लिहा.

कार्डावर आणखी एक प्रश्न असतो, गेल्या ३० दिवसांत शेतावर किंवा शेतातल्या जनावरांजवळ गेला होतात का. निघण्याआधी गावी जाऊन, गोठ्यात डोकावून, शेताला फेरी मारून येणाऱ्या आपल्या माणसांना याचंही उत्तर बहुतेकदा "हो" असंच द्यावं लागतं. चपला-बूट धुऊन, तळव्याची माती काढून आणा. अधिकारी बूट बघतात, गरज वाटली तर साफ करून घेतात आणि जाऊ देतात. रोख १०,००० ऑस्ट्रेलियन डॉलर किंवा तेवढ्या किमतीचं परकीय चलन असेल तर तेही जाहीर करायचं असतं.

कार्ड इंग्रजीत भरायचं असल्याने, उत्तरांसह एक नमुना कागदावर लिहून त्यांच्या पासपोर्टच्या पाकिटात ठेवून द्या. त्याच कागदावर तुमचा पत्ता आणि फोन नंबर. फोनची बॅटरी संपते, कागदाची संपत नाही.

५. विमान आणि विमानतळ

मुंबईहून येणारे बहुतेक जण सिंगापूर, क्वालालंपूर किंवा बँकॉक असा एक टप्पा घेऊन येतात. दोघंच पहिल्यांदा येत असतील तर दोन्ही विमानं एकाच तिकिटावर घ्या, मध्ये निदान तीन तास ठेवा आणि व्हीलचेअरची नोंद करा. चालता येत असलं तरी करा. मधल्या विमानतळावर फाटक शोधायची आणि इमिग्रेशनमध्ये भाषेची चिंता त्यातच मिटते. बाबा "मी काय म्हातारा झालोय का" म्हणतील. आईच्या नावाने नोंद करा, दोघांची सोय होते.

सिडनीचा विमानतळ शहराच्या मध्यापासून जेमतेम ८ किलोमीटरवर मॅस्कॉटला आहे. खालून ट्रेन जाते आणि पंधरा मिनिटांच्या आत सेंट्रल स्टेशन येतं. फक्त या स्टेशनवर भाड्याखेरीज वेगळं प्रवेश शुल्क लागतं, मोठ्या माणसाला १७-१८ डॉलरच्या घरात. चौघं आणि सहा बॅगा असतील तर टॅक्सी किंवा स्वतःची गाडीच परवडते. गाडी नेणार असाल आणि सोबत लहान मूल असेल, तर सात वर्षांखालच्या मुलाला योग्य चाइल्ड सीट सक्तीची आहे, हे विसरू नका.

६. ओपल कार्ड हातात द्या

ट्रेन, मेट्रो, बस, लाइट रेल (ट्राम) आणि सरकारी फेरी बोटी, सगळीकडे एकच ओपल कार्ड चालतं. चढताना टेकवायचं, उतरल्यावर टेकवायचं. उतरताना विसरलं तर त्या मार्गावरचं सर्वांत जास्त भाडं कापलं जातं. बँकेचं कार्ड टेकवूनही चालतं, पण प्रत्येक माणसाचं कार्ड वेगळं हवं. एकच कार्ड दोनदा टेकवून दोघं आत जाऊ शकत नाहीत. चार ते पंधरा वर्षांच्या मुलांना निम्मं भाडं, पण त्यासाठी मुलांचं ओपल कार्डच घ्यावं लागतं. तीन वर्षांपर्यंत फुकट.

आता खरी गंमत. एका दिवसात कितीही फिरलात तरी भाडं ठरावीक मर्यादेपुढे जात नाही, आणि शुक्रवार, शनिवार, रविवार ही मर्यादा इतर दिवसांच्या निम्मी असते. ब्लू माउंटन्सची दोन तासांची ट्रेन आणि मॅनलीची बोट दोन्ही यात येतात. म्हणजे लांबचे आणि बोटीचे बेत शुक्रवार ते रविवार, पायी फिरायचे बेत मधल्या वारी. भाडी बहुतेक दर जुलैत बदलतात, त्यामुळे आकडा त्या वर्षीचा पाहून घ्या.

७. शहर बघायचं ते धक्क्यावरून

सर्क्युलर की हा मधला धक्का धरला की सिडनी सोपी होते. तिथे ट्रेन येते, लाइट रेल येते, बोटी सुटतात. एका दिवसाला एक बोट, एक काठ, एक जेवण. त्याहून जास्त ठरवू नका.

पहिला दिवस मॅनलीचा ठेवा. धक्का क्रमांक ३ वरून बोट सुटते, साधारण अर्धा तास लागतो. जाताना उजवीकडच्या बाजूला, शक्यतो बाहेर बसा. सुटल्यासुटल्या ऑपेरा हाउस उजव्या हाताला इतकं जवळ येतं की त्याच्या टाइल्सची नक्षी दिसते. लांबून जी पांढरी शुभ्र भासतात ती छपराची टरफलं जवळून पाहिली की त्यांच्या टाइल्स काही चकचकीत, काही मंद, काही पांढरी, काही सायीच्या रंगाची असतात. एकूण दहा लाखांवर टाइल्स आहेत. मग छोटं फोर्ट डेनिसन बेट जातं, आणि पुढे एका ठिकाणी उजवीकडची जमीन अचानक संपते. दोन कड्यांच्या मधून सरळ प्रशांत महासागर आत येतो. इथे बोट चांगलीच डुलते. आईला बोट लागत असेल तर या पाच मिनिटांसाठी तिला आत मधोमध बसवा. उतरल्यावर कोर्सो नावाचा सपाट, गाड्या नसलेला रस्ता ओलांडला की समोर मोठा किनारा. तिथून शेली बीचपर्यंतचा काठाचा रस्ताही सपाट आहे, बाकं आहेत, स्वच्छतागृहं आहेत. परतीची बोट संध्याकाळची धरा, सूर्य हार्बर ब्रिजच्या मागे असतो.

ऑपेरा हाउस बाहेरून बघायला पैसे लागत नाहीत. डेन्मार्कचे वास्तुविशारद यर्न उत्झोन यांचा आराखडा १९५७ साली स्पर्धेतून निवडला गेला, पण सरकारशी खटके उडाल्याने १९६६ मध्ये ते काम सोडून गेले आणि १९७३ साली पुरी झालेली आपली इमारत पाहायला पुन्हा कधी आलेच नाहीत. ही गोष्ट बाबांना पायऱ्यांवर बसून सांगा, त्यांना ती इमारतीपेक्षा जास्त आवडेल. आतली टूर सुमारे तासाभराची, पण ३०० च्या आसपास पायऱ्यांची. पायऱ्या टाळणारी वेगळी टूर असते, ती आधी आरक्षित करावी लागते. शेजारच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमधून मिसेस मॅक्वारीज चेअर या खडकात कोरलेल्या बाकापर्यंत रमतगमत गेलं की ऑपेरा हाउस आणि पूल एका चौकटीत येतात. बाग १८१६ पासूनची, प्रवेश मोफत.

१९३२ चा हार्बर ब्रिज कमानीवरून चढण्याचा महागडा खेळ तरुणांवर सोडा. द रॉक्स या जुन्या वस्तीच्या बाजूने पुलाच्या पूर्वेकडच्या पादचारी मार्गावर लिफ्टने जाता येतं, तो फुकट आहे. पलीकडे मिल्सन्स पॉइंटला उतरून बोटीने परत या. चालणं नको असेल तर विन्यार्ड स्टेशनहून ट्रेन पुलावरूनच जाते.

टारोंगा प्राणिसंग्रहालय उतारावर आहे. बोटीतून उतरल्यावर बसने वरच्या दारापर्यंत जा आणि बघत बघत खाली या, उलट करू नका. कोआलाला कडेवर घेऊन फोटो काढायचं स्वप्न मात्र इथे पुरं होणार नाही, न्यू साउथ वेल्समध्ये त्याला मनाई आहे.

वॉटसन्स बे हा माझा आवडता अर्धा दिवस. कॅम्प कोव्हच्या शांत पाण्यावरून लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या हॉर्नबी दीपगृहापर्यंत छोटी वाट जाते. एवढंच, की वाटेत लेडी बे लागतो, आणि तिथे वस्त्रांची सक्ती नाही. सासूबाई सोबत असतील तर त्या टप्प्यावर समोरच्या क्षितिजाकडे बोट दाखवून जहाजांविषयी बोलत राहा.

पावसाच्या दिवसासाठी आर्ट गॅलरी ऑफ न्यू साउथ वेल्स आणि ऑस्ट्रेलियन म्युझियम हाताशी ठेवा. दोन्हींचा सर्वसाधारण प्रवेश मोफत आहे.

८. समुद्रात पाय टाकण्याआधी

बाँडायला थेट ट्रेन जात नाही. बाँडाय जंक्शनपर्यंत ट्रेन आणि पुढे ३३३ क्रमांकाची बस. सकाळी लवकर जा. तिथून कूजीपर्यंतची काठाची वाट ६ किलोमीटरची, जिने बरेच. ज्येष्ठांना ब्रॉन्टेपर्यंतच न्या, तिथे सावलीची मोठी बाग आहे.

आता नीट ऐका. या किनाऱ्यांवर लाल-पिवळे झेंडे लावलेले असतात आणि पाण्यात उतरायचं ते त्या दोन झेंड्यांच्या मध्येच. नवीन माणूस किनाऱ्यावर उभा राहून बघतो, दोन्हीकडे लाटा फुटतायत आणि मध्ये एक पट्टा शांत, थोडा गडद दिसतोय. त्याला वाटतं हीच सुरक्षित जागा. नेमका तोच रिप असतो, आत खेचून नेणारा प्रवाह. तिथलं पाणी खोल असतं आणि समुद्राकडे धावत असतं, म्हणून लाटा फुटत नाहीत. त्यात सापडलंच तर प्रवाहाविरुद्ध पोहायचं नाही. तरंगत राहायचं आणि हात वर करून मदत मागायची. पोहता न येणाऱ्यांनी गुडघ्याखालच्या पाण्यातच थांबावं. साडी किंवा सलवार भिजली की जड होते आणि परतणाऱ्या लाटेत पाय सुटतो. कड्यांच्या ओल्या खडकांवर फोटोसाठी जाणं पूर्ण बंद.

नुसतं पाण्यात बसायचंय त्यांच्यासाठी बालमोरलसारखे बंदराच्या आतले किनारे किंवा खडकात बांधलेले समुद्री तलाव उत्तम. कूजीला मॅकायव्हर्स लेडीज बाथ्स आहेत, तिथे फक्त स्त्रिया आणि मुलांना प्रवेश आहे. संकोचामुळे कधी पाण्यात न उतरलेल्या आईला तिथे न्या. खाली उतरायला पायऱ्या आहेत, तेवढं बघा.

निळ्या फुग्यासारखा दिसणारा ब्लूबॉटल हा समुद्री जीव चावला तर समुद्राच्याच पाण्याने धुऊन तंतू काढा आणि तो भाग सोसेल इतक्या गरम पाण्यात वीसेक मिनिटं ठेवा. ऊन फसवं असतं, वारा गार लागतो आणि कातडी भाजते, म्हणून टोपी आणि ५०+ सनस्क्रीन सगळ्यांना, सावळ्या रंगाच्या माणसांनाही. उन्हाळ्यात दक्षिणेचा वारा सुटला की तासाभरात दहा-दहा अंश उतरतात, जॅकेट पिशवीत असू द्या. तातडीचा नंबर ०००.

९. शहराबाहेर एक-दोन दिवस

ब्लू माउंटन्सना स्वतःची गाडी न्यायची गरज नाही. सेंट्रलहून कटुंबा सुमारे दोन तास, तिथून बसने एको पॉइंट. धुकं असेल तर थ्री सिस्टर्स हे तीन खडकाळ सुळके दिसतच नाहीत, म्हणून तारीख आधी पक्की करू नका, अंदाज पाहून आदल्या रात्री ठरवा. सीनिक वर्ल्डमधली ५२ अंशांच्या उतारावरची रेल्वे नातवंडांना. ज्यांना धडकी भरते त्यांना केबलवे. शहरापेक्षा तिथे चांगलंच गार असतं.

दक्षिणेला हेलन्सबर्गचं श्री व्यंकटेश्वर मंदिर आणि पुढे समुद्रावरून वळणारा ६६५ मीटरचा सी क्लिफ ब्रिज हा एका दिवसाचा छान जोड बेत आहे. यासाठी मात्र गाडी हवी. आपल्यासारखंच डावीकडून चालवतात, पाहुण्यांचा भारतीय परवाना इंग्रजीत असेल तर चालतो, फक्त टोल रोख घेत नाहीत.

१०. सोमवार ते शुक्रवार

तुमची रजा संपल्यावरचे दिवस आधीच आखून ठेवा. पहिल्या आठवड्यातच बाबांना तुमच्या स्टेशनवरून दोन स्टेशनं जाऊन परत यायला लावा. पहिल्यांदा तुम्ही सोबत, दुसऱ्यांदा तुम्ही मागच्या डब्यात, तिसऱ्यांदा ते दोघंच. इथलं सिमकार्ड, नकाशात घराची खूण आणि "ट्रिपव्ह्यू"सारखं गाड्यांच्या वेळा दाखवणारं ॲप एवढं पुरतं. पॅरामॅटाकडे राहत असाल तर तिथून नदीमार्गे सर्क्युलर कीला येणारी बोट म्हणजे दोघांची स्वतंत्र सहल. ओहोटीला काही फेऱ्या पॅरामॅटापर्यंत येत नाहीत, वेळापत्रक पाहून पाठवा.

जवळचं वाचनालय दाखवा: बसायला जागा, वर्तमानपत्रं, वायफाय, सगळं मोफत. हॅरिस पार्कला एकदा रस्ता कळला की भाजी आणि मिरच्यांचा कारभार आई स्वतःकडे घेईल. देऊन टाका. मराठी असोसिएशन सिडनीचे कार्यक्रम बघून ठेवा. आणि सकाळच्या फिरण्यात पार्कात त्यांना आपली माणसं भेटतातच. वेस्टमीड-वेंटवर्थव्हिल भागात तर आठवड्याभरात बाबांच्या ओळखी तुमच्यापेक्षा जास्त होतात.

बाहेर खाताना रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी बऱ्याच कॅफेंत बिलावर जादा आकार लागतो. टीप देण्याची पद्धत सक्तीची नाही. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे, बाटल्या विकत घेऊ नका. दुकानं संध्याकाळी पाच-सहालाच बंद होतात, गुरुवारी तेवढी उशिरापर्यंत चालू.

११. परत जाताना

एकाच विक्रेत्याकडे ३०० डॉलर किंवा जास्त खरेदी केली असेल आणि ती निघण्याच्या आधीच्या ६० दिवसांतली असेल, तर विमानतळावर टुरिस्ट रिफंड स्कीममध्ये १० टक्के जीएसटी परत मिळतो. अट अशी की ज्याने पैसे भरले त्यालाच परतावा. फोन किंवा घड्याळ आई-बाबांसाठी घेताना तुमच्या कार्डाने बिल भरलंत तर त्यांना काही मिळणार नाही, त्यांच्या कार्डाने भरा. १००० डॉलरच्या पुढच्या बिलावर त्यांचं नाव हवं. वस्तू हातातल्या बॅगेत ठेवायची, कारण इमिग्रेशननंतरच्या काउंटरवर ती दाखवायला लागू शकते. मोठी बॅग चेक-इन करण्याआधी हे तपासा, आणि काउंटर विमान सुटण्याच्या अर्धा तास आधी दावे घेणं थांबवतं, तेव्हा घरून नेहमीपेक्षा तासभर लवकर निघा.